स्वतः मद्रासपर्यंत

परातेबाबू खुर्चीवर बसण्याआधी वर पाहायचे. आमच्या दफ्तरात जाड पात्यांचे जुने पंखे होते आणि प्रत्येक पंखा छतातल्या एका लोखंडी हुकाला लटकलेला असे. बाबूजी सकाळी आले, की छत्री खुंटीला अडकवायचे, डबा कपाटावर ठेवायचे आणि मान मागे टाकून त्या हुकाकडे निरखून बघायचे. हूक कालच्याइतकाच शाबूत आहे अशी खात्री पटली, तरी खुर्ची पंख्याखालून वीतभर बाजूला सरकवायची आणि मगच बसायचं. त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यातही त्यांना वारा अर्धाच लागायचा. आम्ही हसलो की घाम पुसत म्हणायचे, "समजा, पडला तं?"

हा 'समजा' त्यांच्या तोंडात सुपारीसारखा कायमचा असे. समजा, साहेबानं फाइल आजच मागितली तं? समजा, किल्ली हरवली तं? समजा, शाई वाळायच्या आत कोणाचा हात लागला तं? मी तेव्हा नवा कारकून होतो, लग्न होऊन वर्ष झालेलं, प्रतापनगरात भाड्याच्या खोलीत संसार मांडलेला. बाबूजी आमचे हेडक्लार्क. पहिल्याच दिवशी मी टाइप केलेलं पत्र त्यांनी परत केलं आणि म्हणाले, "काय गा गजभिये, हे वाचून समोरचा काय विचारीन, ते लिहिलं का तू?" मी म्हटलं, विचारल्यावर लिहू. "मंग उशीर होते," ते म्हणाले. "आधी ताना पाहून घे."

ताना म्हणजे काय, हे मला पुढं कळलं. बाबूजींचे वडील विणकर. सकाळी गल्लीत ताना पसरायचा, म्हणजे साडीचे उभे धागे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून त्यांना खळ लावायची. त्या वेळात पावसाचा शिंतोडा आला किंवा एखादी गाय मधून गेली, की साऱ्या घराची आठवड्याची मेहनत गेली. लहानपणी बाबूजींचं काम एवढंच असे, की गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आभाळावर आणि गाईंवर नजर ठेवायची. पुढं माग विकला गेला, गल्ली सुटली, बाबूजी सरकारी नोकरीत लागले, नंदनवन लेआउटमध्ये, म्हणजे शहरातल्या नव्या वस्तीत, दोन खोल्यांचं घर झालं. ते नजर ठेवायचं काम मात्र त्यांनी काही सोडलं नाही.

अशा माणसानं अंदमानला जायचं ठरवलं होतं. विमानाचा विषयच नव्हता. नागपूरहून मद्रासपर्यंत रेल्वे आणि तिथून पुढं तीन-चार दिवस जहाज.

याचं मूळ त्यांच्या स्वयंपाकघरात होतं. कुण्या कापडाच्या दुकानानं वाटलेलं एक कॅलेंडर बाबूजींच्या बायकोनं, कौतिकाकाकूंनी, कधीतरी ओट्यावर टांगलं होतं. निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेली नारळाची झाडं आणि झाडांखाली गवताच्या छपराच्या दोन झोपड्या. वर्ष संपल्यावर काकूंनी तारखांचा भाग कापून चुलीत घातला आणि चित्र ठेवलं. तेव्हा त्या तरुण होत्या. नवऱ्याला त्यांनी विचारलं होतं, "मले इथं न्याल का?" आणि बाबूजी चटकन हो म्हणून बसले होते. आयुष्यात ताना न पाहता काढलेला त्यांचा तो एकच शब्द असावा. त्यानंतर काकूंनी पुन्हा कधी विचारलं नाही. चित्रावर फोडणीचे डाग पडले, कोपरे पिवळे झाले, पण ते ओट्यावरून हललं नाही. बाबूजी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले की त्या चित्राकडे पाठ करून पाणी प्यायचे, असं काकू हसून सांगत. "मी काही मागून नाही राहिले, फक्त पाहून राहिले," त्या म्हणायच्या.

सरकारी नोकराला चार वर्षांतून एकदा देशात कुठंही जाऊन यायची प्रवास-सवलत असते. बाबूजींनी दोनदा अंदमानासाठी अर्ज केला होता आणि दोनदा परत घेतला होता. एकदा वर्तमानपत्रात कुठल्याशा वादळाची बातमी आली म्हणून आणि एकदा भिलाईला राहणाऱ्या त्यांच्या मुलाच्या पोटात दुखतं असं पत्र आलं म्हणून. आता निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ही तिसरी वेळ, आणि शेवटची. पुढं सवलत नाही, म्हणजे अंदमान नाही.

पत्रं टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. समुद्राच्या अगदी काठावर एक नवं बीच रिसॉर्ट झालं होतं, त्याचं रंगीत पत्रक बाबूजींनी कुठून तरी मिळवलं. कॅलेंडरातल्यासारख्याच गवताच्या छपराच्या झोपड्या. पत्रक हातात आल्यापासून त्यांची झोप उडाली. दफ्तरातली एक लांबलचक वही त्यांनी घरी नेऊन खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि प्रत्येक पानाचे रेघ मारून दोन भाग केले. डावीकडे 'काय होऊ शकते' आणि उजवीकडे 'मग काय'. गाडी चुकली तर. जहाजाची तारीख बदलली तर. जहाजात ओकाऱ्या लागल्या तर. बेटावर डॉक्टर नसला तर. डाव्या बाजूची पानं भराभर भरत गेली, उजवीकडे मात्र बरीच जागा कोरी राहिली. त्या कोऱ्या जागांसाठी आम्ही रिसॉर्टच्या मॅनेजरला पत्रं लिहायला लागलो.

पहिल्याच पत्रात चौदा प्रश्न होते. भरतीच्या वेळी पाणी झोपडीच्या दारापासून किती लांब असतं? छपरात साप निघतात का? झोपताना डोकं कुठल्या दिशेला येतं? पिण्याचं पाणी गोड आहे का मचूळ? दवाखाना किती मैलांवर? मला वाटलं, मॅनेजर हा कागद कचऱ्यात टाकेल. पण तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तो कुणी दक्षिणेकडचा सज्जन माणूस होता. चौदाही प्रश्नांची त्यानं क्रमवार उत्तरं दिली होती. पाणी दारापासून पन्नास पावलं लांब असतं, असं त्यानं लिहिलं होतं. बाबूजींनी ते तीनदा वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, "पन्नास पावलं म्हणते. पण कोणाची? उंच माणसाची पन्नास का बुटक्याची?"

मी म्हटलं, "बाबूजी, तो वैतागेल."

"वैतागू दे. समजा, तो बुटका असला तं?"

ते पत्रही गेलं. मॅनेजरनं आपली उंची कळवली. सांगायचा मुद्दा, पावणेदोन वर्षं हा पत्रव्यवहार चालला आणि मॅनेजरच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य असायचं, की आपण या, समुद्र शांत आहे. बाबूजी त्या वाक्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारायचे आणि मला विचारायचे, "याच्यात तारीख टाकली नाही त्यानं. कोणत्या दिवशी शांत होता?"

मग बंगईची तयारी सुरू झाली. बंगई म्हणजे आमच्याकडचा झोपाळा. नंदनवनातल्या घराच्या वऱ्हांड्यात चार साखळ्यांची सागवानी बंगई होती. जहाज डोलतं, आणि सवय नसलेल्या माणसाला ते सोसत नाही, हे बाबूजींनी कुठंतरी वाचलं होतं. त्यावर त्यांनी काढलेला उपाय असा, की रोज संध्याकाळी सहा ते सात नवरा-बायकोनं बंगईवर बसून जोरात झोके घ्यायचे. नुसते झोके नव्हेत. काकूंनी बंगईवर बसून भाजी निवडायची, चहा प्यायचा, पुढं पुढं तर जेवायचंसुद्धा. पिठलं-भाकरीची ताटं मांडीवर घेऊन झोके घेणारं ते साठीला टेकलेलं जोडपं पाहायला लेआउटमधली माणसं फाटकाशी जमायची. काकू मजेत असायच्या. "या वं, तुमी बी बसा जहाजात," असं म्हणून त्या शेजारणींना ओढायच्या. बाबूजी मात्र दात आवळून, साखळी घट्ट धरून बसायचे. मी एकदा नीट पाहिलं, त्यांचा डावा पाय बंगईवर आणि उजवा पाय खाली फरशीला लागलेला. झोका कितीही उंच गेला तरी उजव्या पायाचा अंगठा फरशी सोडत नव्हता. मी हसलो आणि विसरून गेलो.

रजा मंजूर झाली, रेल्वेचं आरक्षण झालं, आणि एका रविवारी कौतिकाकाकू एकट्याच आमच्या खोलीवर आल्या. माझ्या बायकोचा, नलूचा हात धरून म्हणाल्या, "नलू, तुमी दोघंबी चाला ना वं आमच्यासंगं. भाऊची बी सवलत बाकी हाये." मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, मी दोन वेळा पिशवी भरली अन् दोन वेळा रिकामी केली. आता तिसऱ्या वेळी नाही करत. ते मद्रासले जातीन, मले माहीत हाये. पण जहाजात चढताना कोणीतरी त्याह्यचा हात धरासाठी पाह्यजे. माहा हात ते सोडवून घेतीन. तुमचा नाही सोडवणार." मी छाती फुगवून म्हटलं, "काकू, मी बाबूजींना उचलून जहाजात नेतो." हे माझे शब्द. मी ते दिले होते, आणि ते काकूंनी ऐकले होते.

आमची गाडी मद्रासला जहाज सुटायच्या चार दिवस आधी पोचली. हे बाबूजींचं गणित. गाडी एक दिवस उशिरा आली तर एक, रुळावर काही झालं तर दुसरा, मद्रासमध्ये बंद असला तर तिसरा आणि काय होईल ते सुचत नाही म्हणून चौथा. गाडी अगदी वेळेवर पोचली. मद्रासही सुरळीत चाललं होतं. चारही दिवस हातात शिल्लक राहिले, आणि धर्मशाळेत बसून करायचं काय म्हणून आम्ही समुद्रावर गेलो.

आम्हां चौघांपैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. नलू आणि काकू लुगड्याचे ओचे धरून हसत पाण्याकडे धावल्या. मीही चपला हातात घेतल्या. मागं वळून पाहिलं, तर बाबूजी वाळू जिथं सुरू होते तिथंच उभे होते, छत्री उघडून. मी परत त्यांच्याकडे गेलो. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ओठ कोरडे पडले होते.

"गजभिये," ते हळूच म्हणाले, "पल्याडचा काठ कुठं हाये गा?"

"बाबूजी, समुद्राला पलीकडचा काठ कसा दिसेल?"

"आपल्या अंबाझरी तलावाले दिसते. फुटाळ्याले दिसते. कन्हानले पूर आला तरी दिसते." त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "मी समजून राहिलो होतो, लांब असन, पण बारीक रेघेसारखा दिसन."

त्यांच्या वहीत दीडशेच्या वर 'काय होऊ शकते' होते. हे एक त्यात नव्हतं. पावणेदोन वर्षं त्यांनी समुद्राची चौकशी केली होती, पण काठ दिसतो का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, कारण पाणी म्हटलं की काठ असायचाच. पहाटे उतरून सकाळी जहाज गाठायचं असतं, तर हमालांच्या आणि पिशव्यांच्या गडबडीत त्यांचं लक्षही गेलं नसतं आणि ते चढून गेले असते, असं मला आजही वाटतं. पण खबरदारीचे ते चार दिवस त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ वाळूच्या कडेला उभं राहून तो न दिसणारा काठ शोधण्यात घालवले. जेवण कमी झालं. बोलणंही 'समजा'च्या पुढं जाईना. "समजा..." असं म्हणायचे आणि गप्प व्हायचे. काकू रोज पिशव्यांच्या गाठी तपासून बघायच्या. मी मात्र चिडायला लागलो होतो. रजा माझीही होती. नलूला मी बेटाची स्वप्नं दाखवली होती. चार दिवस एका म्हाताऱ्याला समजावून माझं तोंड दुखलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही बंदरात गेलो. जहाज जवळून इतकं मोठं दिसतं, की ते पाण्यावर आहे हेच खरं वाटत नाही. वर जायला लाकडी पायऱ्यांची शिडी होती, बाजूला दोर. शिडीवर रांग, रांगेत मुलं, ट्रंका, कोंबड्यांची खुराडी, आणि सगळ्यांचा एकच आरडाओरडा. नलू पुढं, तिच्यामागं दोन्ही हातांत सामान घेऊन मी, माझ्यामागं बाबूजी आणि शेवटी काकू. मी शिडीच्या मध्यावर असताना मागून हाक आली. बाबूजींनी पहिल्या पायरीवर एकच पाय ठेवला होता. धक्का आणि जहाज यांच्यामधल्या हातभर फटीत काळं पाणी खालीवर होत होतं, आणि ते लाकडाच्या फटीतून त्याच्याकडेच पाहत होते. मग त्यांनी मान वर केली, हात लांब केला, तळवा वर.

"गजभिये, हात दे गा."

दोन्ही हातांत पिशव्या होत्या, हे खरं. पण एक पिशवी खाली ठेवता आली असती, हेही खरं. मागची माणसं ढकलत होती, कुणीतरी तमिळमध्ये ओरडत होतं, आणि माझ्या डोक्यात चार दिवसांचा राग होता. मी ओरडलो, "बाबूजी, यायचं तर या, नाहीतर काकूंचं तिकीट फाडून टाका एकदाचं!" आणि मागं न बघता वर चढलो.

सामान ठेवून कठड्याशी आलो, तेव्हा बाबूजी रांगेतून बाहेर पडून धक्क्यावर एका लोखंडी खांबाशी उभे होते. काकू त्यांच्यासमोर. काकूंनी त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, छत्री नीट हातात दिली. काहीतरी बोलल्या, ते वर ऐकू आलं नाही. मग त्यांच्या काखेतली खाकी कव्हरची वही काढून घेतली, आपल्या पिशवीत घातली, आणि रामटेकच्या पुढं कधी एकटी न गेलेली ती बाई एकटीच शिडी चढून वर आली. तिचा हात धरायला मी पुढं झालो. तो तिला लागला नाही.

भोंगा झाला. धक्का मागं सरकू लागला. नलूनं रडत विचारलं, "काकू, तुम्ही काय म्हणालात त्यांना?" काकू धक्क्याकडे बघतच म्हणाल्या, "म्हटलं, तुमी इथंच थांबा. मी पाहून येते अन् सगळं सांगते." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "ते भेले तं भेले, वं. पण माह्यासाठी दोन वर्ष समुद्राले पत्रं लिहून राहिले ना ते. कोण लिहिते?" माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी जहाज डोलायला लागलं. मी आणि नलू आडवे झालो. आमच्या आसपासची सगळी माणसं आडवी झाली. फक्त कौतिकाकाकू ताठ होत्या. बंगईवर वर्षभर भाकरी खाल्लेली ती बाई त्या डोलणाऱ्या जहाजातून निवांत चालत होती. वही उघडून त्यांनी नलूला वाचायला लावलं. 'ओकाऱ्या लागल्या तर' याच्यासमोर लिहिलं होतं, सुंठ, लिंबू, मीठ, उजव्या कुशीवर निजणे. सुंठ आणि लिंबं पिशवीच्या उजव्या कप्प्यात होती, हेसुद्धा लिहिलं होतं. परक्या माणसांना त्यांनी सुंठ चाटवली. एका मद्रासी आजीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. बाबूजींची वही त्या जहाजात पानापानाला खरी ठरत होती, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

बेटाच्या धक्क्यावर मॅनेजर स्वतः आला होता. इतके प्रश्न विचारणारा माणूस कसा दिसतो, ते त्याला बघायचं होतं. बाबूजी आले नाहीत हे कळल्यावर तो खरोखर हिरमुसला. रिसॉर्टवर पोचताच काकूंनी सामान खाली ठेवायच्या आधी झोपडीच्या दारापासून पाण्यापर्यंत पावलं मोजली. त्रेसष्ट भरली. "लिहून ठेव वं, नलू," त्या म्हणाल्या, "बायकोची त्रेसष्ट." मग लुगड्यासकट पाण्यात बसल्या. लाटा त्यांच्या कमरेवरून जात होत्या. रडत होत्या का हसत होत्या, सांगता यायचं नाही, तोंड सगळं ओलंच होतं. "चित्रात आवाज नव्हता," एवढंच म्हणाल्या. त्या आठ दिवसांत त्यांनी एकही गोष्ट नुसती पाहिली नाही. प्रत्येक गोष्ट पाहून झाली, की नलूला वहीत लिहायला लावली, उजवीकडच्या कोऱ्या जागेत.

परत मद्रासला आलो तेव्हा बाबूजी त्याच लोखंडी खांबाशी उभे होते. उन्हानं काळे पडले होते. पोट आत गेलं होतं. काकू उतरताच त्यांनी त्यांना आधी डोक्यापासून पायापर्यंत तपासून पाहिलं, आपल्या दफ्तरातल्या हुकासारखं. मग म्हणाले, "रोज बंदरात विचारत होतो, जहाज कुठवर आलं. ते लोक मले पाहून खिडकी लावून घेत."

"अन् बाकी दिवसभर काय करत होते?" काकूंनी विचारलं.

बाबूजींनी धोतर थोडं वर उचललं. गुडघ्याखाली वाळलेल्या मिठाचे पांढरे पट्टे होते. "रोज एक बोट," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी अंगठा. मंग घोटा. काल इथपर्यंत गेलो." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "अजून पंधरा दिवस भेटले असते, तं कमरेपर्यंत गेलो असतो."

मला माफी मागायची होती. गाडीत मागू म्हटलं, गाडीत जमलं नाही. घरी मागू म्हटलं, तेही राहिलं. बाबूजींनी त्या सकाळचा विषय कधी काढला नाही, आणि त्यांनी काढला नाही याचा मी फायदा घेतला.

रजेवरून आल्यावर सवलतीचा फॉर्म भरायचा होता. दफ्तरात कुणाला काही माहीत नव्हतं. ते गप्प राहिले असते, तर अंदमानला जाऊन आले असंच सगळ्यांनी धरलं असतं; त्यांचे किस्से ऐकायला सगळे टपलेच होते. पण त्यांनी आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'पत्नी पोर्ट ब्लेअरपर्यंत. स्वतः मद्रासपर्यंत.' आणि फॉर्म टाइप करायला माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, "बाबूजी, हे सगळे वाचतील." ते म्हणाले, "वाचू दे. झालं ते झालं हाये." सगळ्यांनी वाचलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांच्या पाठीमागं त्यांचं नाव 'मद्रासपर्यंत' असंच पडलं. कुणी एखादं काम अर्ध्यात सोडलं की म्हणायचे, मद्रासपर्यंत केलं. एकदा साऱ्यांबरोबर मीही हसलो. ते हसू आठवलं की अजून मान खाली जाते.

निवृत्तीनंतर संध्याकाळची बंगई सुटली नाही. काकू वही मांडीवर घ्यायच्या, नलूनं लिहिलेलं त्यांना तोंडपाठच होतं, आणि रोज एक दिवस सांगायच्या. आज जहाजाचा दुसरा दिवस. आज मॅनेजर भेटला तो दिवस. पंधरा दिवस संपले की पुन्हा पहिल्यापासून. बाबूजी मधे मधे विचारायचे, "तवा पाणी कुठवर होतं?" काकू सांगायच्या. अशी किती वर्षं गेली कोण जाणे. मग बाबूजींना अर्धांगाचा झटका आला. वाचले, पण उजवी बाजू गेली आणि आठवणीत घोळ व्हायला लागला. मी भेटायला गेलो ती संध्याकाळ अजून डोळ्यासमोर आहे. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर महिन्याभरातच ते गेले.

बाबूजी बंगईवर होते, काकू हळूहळू झोका देत होत्या. दोन्ही पाय वर घेतलेले. फरशीला काही लागत नव्हतं. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. ते मला अंदमानाबद्दल सांगू लागले. जहाज कसं डोललं, मद्रासी आजीला सुंठ कशी चाटवली, मॅनेजर केवढा उंच निघाला. "त्रेसष्ट पावलं भरली गा," ते म्हणाले. "मी सोता मोजली." मी काकूंकडे पाहिलं. त्या कपात चहा ओतत होत्या.

"पण खरं सांगू," बाबूजी म्हणाले आणि त्यांचा डावा हात माझ्या गुडघ्यावर आला, "त्या शिडीवर माहे पाय लटलट कापून राहिले होते. खाली पाणी पाह्यलं अन् वाटलं, खतम. मी तं माघारीच फिरलो असतो. तू वरतून हात देला म्हणून चढलो गा, गजभिये. नाही तं मी कायचा जातो?"

कित्येक वर्षं जे मागायचं राहिलं होतं, ते त्यांनी मी न मागताच, चुकून, माझ्या पदरात टाकलं होतं. खरं सांगायला हवं, असं वाटलं. नको, असंही वाटलं. काकूंनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच, त्या बंदरातल्या सकाळनंतर पहिल्यांदाच, माझ्याकडे सरळ पाहून म्हणाल्या, "खरं हाये. भाऊनं हात देला, म्हणूनच."

अंधारून यायला लागलं होतं, वाऱ्यात गारवा आला होता. काकूंनी बंगई थांबवली. बाबूजींना आता आत न्यायचं होतं. त्यांनी मान वर केली आणि डावा हात माझ्याकडे लांब केला, तळवा वर.

"हात दे गा," ते म्हणाले.

मी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात दिले.